चुन्याखालचे बारा प्रेषित

इंग्लंडला जाऊन आलेल्या मराठी माणसाच्या बोलण्यात लंडन असते, शेक्सपिअरचे स्ट्रॅटफर्ड असते, हल्ली लेक डिस्ट्रिक्टही असतो. खेड्यातले चर्च नसते. त्यात नवल नाही. आपल्याकडे येणारा परदेशी पाहुणासुद्धा अजिंठा-वेरूळ पाहून परत जातो. एखाद्या आडगावच्या यादवकालीन शिवालयाची वाट त्याला कोण दाखवणार? पण इंग्लंडची मध्ययुगीन चित्रकला ज्याला खरोखर पाहायची आहे, त्याचे काम लंडनच्या संग्रहालयांत भागत नाही. ती चित्रे बहुतांशी भिंतींवर काढलेली होती आणि भिंती जागच्या हलत नाहीत. त्यामुळे जे काही उरले आहे ते खेडोपाडी, शे-दोनशे माणसे जेमतेम मावतील अशा लहान चर्चमध्ये उरले आहे. त्यातलेही बहुतेक सारे चुन्याच्या थराखालून पुन्हा उजेडात आलेले आहे.

या चुन्याविषयीच मला आज लिहायचे आहे. चित्रे पुसून टाकण्यासाठी ज्यांनी भिंतींवर चुना फासला त्यांच्या हातून ती राखली गेली, आणि ज्यांनी ती प्रेमाने जपायला घेतली त्यांच्या हातून बिघडली, असा हा विचित्र हिशेब आहे. त्यातून आपल्या गावोगावच्या देवळांच्या विश्वस्तांनी काही घ्यावे असे मला फार वाटते.

ग्लॉस्टरशायर परगण्याच्या वायव्य टोकाला, हेरफर्डशायरच्या शिवेजवळ केम्पली नावाचे खेडे आहे. माझा भाचा ग्लॉस्टरला नोकरीला आहे. सुट्टीच्या दिवशी त्याने गाडी काढली म्हणून माझे तिथे जाणे झाले. एप्रिलचे दिवस होते. या भागात रानटी डॅफोडिल पुष्कळ उगवते आणि आजही तेच पाहायला लोक येतात. दोन्ही बाजूंना उंच कुंपणझाडी आणि मधून एक मोटार जाईल एवढा रस्ता. चर्च दिसेपर्यंत आपण चुकलो की काय असेच वाटत राहते, कारण सेंट मेरीचे हे चर्च आज गावात नाही. वस्ती केव्हाच दूर सरकली. ओल्या, पाणी भरणाऱ्या सखल जागेतले हे जुने चर्च मागे राहिले आणि १९०३ साली नव्या वस्तीजवळ सेंट एडवर्डचे दुसरे चर्च बांधले गेले. आपल्याकडे धरणात गाव उठल्यावर देऊळ एकटे मागे राहते, तसे काहीसे हे दिसते. फरक एवढाच, की हे पाण्याखाली गेलेले नाही.

इमारत बाहेरून अगदी साधी आहे. लहानसा सभामंडप, त्याहून लहान गाभारा आणि पश्चिमेला तेराव्या शतकातला बुटका मनोरा. (सभामंडप आणि गाभारा हे शब्द मी मुद्दाम वापरतो आहे. चर्चची रचना मराठी वाचकाला समजायला त्यांच्याइतके सोपे शब्द नाहीत, आणि अर्थही फारसा बिघडत नाही.) दक्षिणेच्या दारावरच्या अर्धगोल दगडात एक झाड कोरले आहे. जीवनवृक्ष म्हणतात त्याला. शेजारच्या डिमॉक गावाच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या कारागिरांच्या परंपरेचे ते काम आहे. सभामंडपाच्या छपराचे लाकूड झाडाच्या वाढीच्या वलयांवरून तपासले, तेव्हा ते ११३० च्या आसपासचे निघाले. इंग्लंडमध्ये इतके जुने लाकडी छप्पर जागच्या जागी टिकल्याची उदाहरणे विरळा. आपल्याकडे त्या सुमारास चालुक्यांचे राज्य होते आणि ज्ञानेश्वरांच्या जन्माला अजून दीडशे वर्षांचा अवकाश होता.

आत गेल्यावर पहिल्यांदा जाणवते ती थंडी. डोळे अंधाराला सरावले की पुढची कमान दिसते. तिच्यावर बुद्धिबळाच्या पटासारखी तांबड्या-पांढऱ्या चौकोनांची रंगीत नक्षी आहे. कमानीखालून गाभाऱ्यात पाऊल टाकले आणि मी थांबलो. छत बोगद्यासारखे गोल वळवलेले, फारसे उंच नाही, आणि त्या साऱ्या वळणावर चित्र. मधोमध बदामाच्या आकाराच्या प्रभावळीत येशू ख्रिस्त इंद्रधनुष्यावर बसला आहे. उजवा हात आशीर्वादासाठी उचललेला, डाव्या हातात ग्रंथ. भोवती सूर्य, चंद्र, तारे आणि सात समया. देवदूत, सिंह, बैल आणि गरुड या चार पंखवाल्या आकृती म्हणजे मत्तय, मार्क, लूक आणि योहान या चार शुभवर्तमानकारांची चिन्हे. सहा पंखांचे दूतही आहेत. हे सारे बायबलच्या शेवटच्या, प्रकटीकरण नावाच्या पुस्तकातल्या दर्शनावरून घेतले आहे. खाली उत्तरेच्या भिंतीवर सहा आणि दक्षिणेच्या भिंतीवर सहा असे बारा प्रेषित ओळीने बसले आहेत आणि बाराही जणांनी माना वर करून छताकडे पाहिले आहे.

माझे सर्वांत जास्त लक्ष वेधले ते या मानांनी. चेहरे बरेचसे एकसारखे आहेत. डोळे मोठे, बोटे लांब, वस्त्रांच्या चुण्या ठरावीक पद्धतीच्या. चित्रकाराला व्यक्ती रंगवायच्या नव्हत्याच. पण मान वर करून पाहणाऱ्या बारा माणसांच्या मध्ये आपण उभे राहिलो, की आपलीही मान आपोआप वर जाते. देवाकडे पाहा असे कुणी सांगत नाही, तरी आपण पाहतो. नऊशे वर्षांपूर्वीच्या त्या अनामिक माणसाला आपले काम चांगले येत होते.

इथे एका प्रचलित समजुतीविषयी थोडे लिहिले पाहिजे. मध्ययुगीन चर्चमधली चित्रे म्हणजे निरक्षरांचे बायबल, असे सर्रास म्हटले जाते. इसवी सन ६०० च्या सुमारास पोप ग्रेगरी यांनी मार्सेच्या बिशपला लिहिलेल्या पत्रांतून ही कल्पना पुढे रूढ झाली. ती अगदीच खोटी नाही. सभामंडपाच्या भिंतींवर इथेही लोकांसाठी काढलेली चित्रे आहेत. एका ठिकाणी माणसाच्या आयुष्याचे चक्र आहे, एका खिडकीच्या कडेला सेंट मायकेल तराजूत आत्मे तोलतो आहे. आपल्या चित्रगुप्ताची वही जशी कुणाला समजावून सांगावी लागत नाही, तसाच तो तराजू. पण केम्पलीतले सर्वांत भव्य काम गाभाऱ्यात आहे आणि गाभारा पुरोहिताचा. शेतकरी, गुराखी, त्यांच्या बायका बाहेर सभामंडपात उभ्या राहत आणि कमानीतून त्यांना जेवढा तुकडा दिसे तेवढाच दिसे. प्रार्थनेची भाषा लॅटिन, ती त्यांना कळत नसे. तेव्हा हे चित्र शिकवण्यासाठी काढले होते असे मला वाटत नाही. ते तिथे असावे म्हणून काढले होते. आपल्या मंदिरांच्या शिखरावर, जमिनीवरून कुणालाही नीट दिसणार नाहीत अशा ठिकाणी शिल्पे घडवणाऱ्यांनाही हा प्रश्न पडला नसावा.

“मामा, इतकं फिकट झालंय,” भाचा म्हणाला, “परत रंगवून का घेत नाहीत?”

प्रश्न सरळ होता आणि त्याचे उत्तर रंग कसा लावला होता यात आहे. गाभाऱ्यातली चित्रे ओल्या गिलाव्यावर काढलेली आहेत. या पद्धतीला इटालियन नावाने फ्रेस्को म्हणतात. चुन्याचा ताजा गिलावा भिंतीवर करायचा आणि तो ओला आहे तोवर पाण्यात कालवलेला रंग त्यावर लावायचा. खळ नाही, डिंक नाही, तेल नाही. गिलावा वाळताना त्यातला विरलेला चुना हवेतला कार्बन डायऑक्साइड शोषून घेतो आणि पुन्हा चुनखडीसारखा दगड होतो. रंगाचे कण त्या दगडात अडकून बसतात. म्हणजे रंग भिंतीवर लावलेला राहत नाही, भिंतीचाच होतो. रंगही मोजके. गेरूचा तांबडा, मातीचा पिवळा, चुन्याचा पांढरा, कोळशाचा काळा. सभामंडपातली चित्रे नंतरची आहेत आणि ती वाळलेल्या चुन्यावर काढलेली आहेत. म्हणून ती जास्त झिजली. दोन्हींतला फरक कुणालाही नुसत्या डोळ्यांनी कळतो. अशा भिंतीवर आज वरून रंग दिला तर तो नवा रंग होईल, जुन्या चित्राचा भाग होणार नाही. आणि फिकट झालेले म्हणजे गेलेले, हे समीकरण आपण कधी आणि कुणाकडून शिकलो हेही एकदा तपासायला हवे.

आता चुन्याकडे येतो. सोळाव्या शतकात आठव्या हेन्रीने रोमच्या पोपशी संबंध तोडले. त्याचा मुलगा सहावा एडवर्ड १५४७ मध्ये गादीवर आला आणि मूर्तिपूजेविरुद्धची मोहीम कडक झाली. चर्चमधल्या मूर्ती, चित्रे, काचांवरच्या आकृती काढून टाकाव्यात असे हुकूम निघाले. भिंतींवरच्या चित्रांवर चुना मारायचा आणि त्या पांढऱ्या भिंतीवर दहा आज्ञा किंवा राजचिन्ह रंगवायचे, असे देशभर सुरू झाले. स्ट्रॅटफर्डच्या गिल्ड चॅपेलमधली चित्रे झाकण्याच्या कामी दोन शिलिंग खर्ची पडल्याची नोंद १५६४ च्या जानेवारीतल्या नगर-हिशेबात आहे. तो हिशेब होता जॉन शेक्सपिअर नावाच्या कारभाऱ्याचा आणि त्याच वर्षी एप्रिलमध्ये त्याच्या घरी विल्यम जन्मला. दोन शिलिंगांत जगबुडीचा निवाडा झाकला गेला, असे म्हणायला हरकत नाही. कारण त्या भिंतीवर शेवटच्या न्यायाच्या दिवसाचे मोठे चित्र होते.

ही सारी मोडतोड होती, त्यात शंका नाही. मूर्ती फुटल्या, काचा फुटल्या, त्या परत आल्या नाहीत. पण चुना मारणाऱ्याचे एक काम नकळत चांगले झाले. चुन्याच्या गिलाव्यावर चुन्याचाच हात बसला. दोन्ही एकाच जातीचे, दोन्ही श्वास घेणारे. भिंतीतला ओलावा पूर्वीसारखाच बाहेर पडत राहिला. वर काजळी बसली, धूळ बसली, दर काही वर्षांनी पुन्हा चुना बसला, आणि चित्र आपले आत अंधारात सुखरूप राहिले. केम्पलीचे प्रेषित अशा रीतीने सुमारे तीनशे वर्षे झोपले होते.

त्यांना १८७२ मध्ये जागे केले जॉन हेन्री मिडलटन यांनी. हे गृहस्थ कोणी अडाणी कंत्राटदार नव्हते. पुढे ते केंब्रिजमध्ये कलेचे स्लेड प्राध्यापक झाले, तिथल्या फिट्झविल्यम संग्रहालयाचे संचालकही झाले. चुना खरवडून त्यांनी चित्रे मोकळी केली आणि ती टिकावीत, रंग उठून दिसावेत म्हणून त्यांवर लाखेचे व्हार्निश लावले. सुतार फर्निचरला पॉलिश करताना वापरतात तीच ही लाख. आपल्याकडच्या जंगलांत पळस-बोरीच्या फांद्यांवर एक किडा ती तयार करतो आणि त्या काळी ती शेकडो मणांनी इंग्लंडला जात असे. मिडलटन यांचे प्रेषित पहिल्या दिवशी झळाळून उठले असणार. पण लाखेचा पापुद्रा श्वास घेऊ देत नाही. भिंतीतला ओलावा त्याच्या मागे अडकतो, त्याबरोबर आलेले क्षार तिथेच जमतात आणि रंगाला आतून ढकलू लागतात. वरून लाख पिवळी पडते, मग तपकिरी होते. चुन्याखाली तीन शतके जे झाले नाही ते व्हार्निशखाली काही दशकांत झाले.

या १८७२ सालापाशी मराठी वाचकाने क्षणभर थांबावे. त्याच वर्षी मुंबईच्या कलाशाळेचे, म्हणजे आपल्या जे. जे. स्कूलचे, जॉन ग्रिफिथ्स आपल्या विद्यार्थ्यांना घेऊन अजिंठ्याला गेले. पेस्तनजी बोमनजी त्यांच्यातलेच. १८८५ पर्यंत हे नकला करण्याचे काम चालले. त्या नकला इंग्लंडला गेल्या आणि त्यांतल्या बऱ्याच साउथ केन्सिंग्टनच्या संग्रहालयात १८८५ च्या आगीत जळाल्या. त्यापूर्वी रॉबर्ट गिल यांनी वर्षानुवर्षे खपून केलेल्या नकलांपैकी बहुतेक १८६६ मध्ये क्रिस्टल पॅलेसच्या आगीत गेल्या होत्या. पण मुद्दा नकलांचा नाही. नकल करताना रंग नीट दिसावेत म्हणून ग्रिफिथ्स यांच्या काळात मूळ चित्रांवर व्हार्निश लावले गेले. पुढे निजाम सरकारने लोरेन्झो चेकोनी आणि ओर्सिनी या दोन इटालियन तज्ज्ञांना बोलावले. १९२० ते १९२२ या काळात त्यांनी सुटू लागलेला गिलावा भिंतीला पुन्हा चिकटवण्याचे मोलाचे काम केले. ते झाले नसते तर आज पुष्कळ काही खाली पडलेले असते. पण त्यांनीही लाख वापरली. तीही पिवळी पडली. गेली कित्येक दशके आपल्या पुरातत्त्व खात्याचे रसायनतज्ज्ञ ती लाख आणि तिच्यावर बसलेली काजळी इंचाइंचाने काढत आहेत. अजिंठ्याचा गिलावा मातीचा, चित्रे कोरड्या पृष्ठभागावर काढलेली. केम्पलीचा गिलावा चुन्याचा आणि ओला. बुद्ध आणि ख्रिस्त यांच्यात अंतर हजारो मैलांचे. पण दोघांचा चेहरा पिवळा झाला तो एकाच किड्याच्या लाखेने आणि एकाच पिढीच्या एकाच भल्या हेतूने.

विद्वानांचा हा सोस इंग्लंडमध्ये पुढेही चालू राहिला. रॉयल कॉलेज ऑफ आर्टचे प्राध्यापक ई. डब्ल्यू. ट्रिस्ट्रम यांनी विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात कितीतरी चर्चमधली चित्रे उजेडात आणली, त्यांच्या सुंदर नकला केल्या आणि त्यांवर लिहिलेले त्यांचे ग्रंथ आजही लागतात. त्यांचा भरवसा मेणावर होता. मेणानेही तेच केले जे लाखेने केले. नंतरच्या पिढीच्या संरक्षकांच्या कामाचा मोठा भाग ट्रिस्ट्रम यांचे मेण उतरवण्यात गेला. अशाच कामासाठी नाव झालेल्या ईव्ह बेकर या बाईंनी १९५५ मध्ये केम्पलीच्या गाभाऱ्यातले व्हार्निश काढले. आज आपण छताकडे पाहून जे थक्क होतो ते मिडलटन यांच्या शोधामुळे, हे खरे. पण त्यांनी लावलेली लाख बेकरबाईंनी काढल्यामुळे, हेही तितकेच खरे. दुसरे श्रेय सहसा कुणी देत नाही, कारण त्यात नवे काही दिसत नाही. काहीतरी केल्याचे फलक लागतात. न केल्याचे किंवा आधीचे निस्तरल्याचे लागत नाहीत.

याच ग्लॉस्टरशायरमध्ये ट्यूक्सबरीचे मोठे चर्च आहे. १८७७ मध्ये त्याच्या ‘जीर्णोद्धारा’ची टूम निघाली तेव्हा विल्यम मॉरिस भडकला. एका साप्ताहिकाला त्याने पत्र लिहिले आणि त्यातून प्राचीन इमारतींच्या संरक्षणाची एक संस्था उभी राहिली, ती आजही काम करते आहे. जुन्या चर्चचे गिलावे खरवडून आतला दगड उघडा करण्याची तेव्हा फॅशन होती. दगड म्हणजे अस्सल आणि गिलावा म्हणजे नंतरचा मळ, अशी समजूत. या खरवडण्यात किती चित्रे गेली याचा हिशेब कधीच लागणार नाही, कारण ती आधी कुणी पाहिलेलीच नव्हती. मॉरिसचे सांगणे थोडक्यात असे होते, की जुन्या वास्तूला पुन्हा तरुण करू नका, तिची रोजची निगा राखा. गळके छप्पर वेळेवर शाकारा, पन्हळी साफ ठेवा. मला यात एका मोठ्या कारागिराची नम्रता दिसते. मॉरिस स्वतः उत्तम नक्षीकार होता. दुसऱ्याच्या भिंतीवर आपली नक्षी काढायचा मोह त्याला आवरता आला.

आपल्याकडे ‘जीर्णोद्धार’ हा पुण्याचा शब्द आहे. गावात चार पैसे आले, मुंबईकर चाकरमान्यांनी वर्गणी काढली, आमदारनिधी मिळाला, की पहिली कुऱ्हाड देवळावर पडते. मी हा शब्द जपूनच वापरतो आहे. लोकांची श्रद्धा खरी असते आणि पैसाही घामाचा असतो. पण त्यातून होते काय? काळ्या दगडाच्या खांबांना तैलरंग लागतो. सभामंडपाच्या भिंतींना माणसाच्या उंचीएवढ्या स्नानगृहाच्या फरश्या बसतात. लाकडी कोरीव छत काढून तिथे काँक्रीटचा स्लॅब येतो. जुना चुन्याचा गिलावा खणून सिमेंटचा होतो आणि त्या गिलाव्यावर कृष्णलीला होत्या की दशावतार होते, हे गावातल्या दोन-चार म्हाताऱ्यांना तेवढे आठवते. पेशवाईत आणि नंतर रंगवलेली अशी भित्तिचित्रे वाई-साताऱ्याकडे, नाशिककडे, पुण्याच्या आसपास वाड्यांत आणि देवळांत होती. मेणवलीला नाना फडणविसांच्या वाड्यात अजून काही पाहायला मिळतात. जी गेली त्यांना एडवर्ड राजाच्या धर्मवेड्या कारभाऱ्यांनी पुसलेले नाही. ज्यांचे त्या देवावर प्रेम होते त्यांनीच ती घालवली, आणि इंग्लंडच्या चुन्यासारखी ती खाली शिल्लकही राहिली नाहीत. चुना ओला करून, नखाएवढ्या सुरीने हळूहळू काढता येतो. तैलरंग काढताना जुना रंगही त्याच्याबरोबर येतो. सिमेंट काढताना भिंतच येते.

आमचे देऊळ जिवंत आहे, ते काही संग्रहालय नाही, असा यावर आक्षेप येईल आणि तो बिनतोड वाटतो. केम्पलीच्या सेंट मेरीत आज नित्याची उपासना होत नाही; ती वास्तू इंग्लिश हेरिटेज या संस्थेच्या ताब्यात आहे. गाव सोडून गेले म्हणून चर्च वाचले, हेही मी नाकारत नाही. व्हिक्टोरियन काळातला श्रीमंत आणि उत्साही धर्मगुरू तिथे लाभला असता, तर गाभारा मोठा झाला असता आणि छत गेले असते. पण इंग्लंडमधली जी हजारो जुनी चर्च आजही वापरात आहेत, जिथे लग्ने लागतात आणि दफनविधी होतात, त्यांचे काय? त्यांना दोन नियम लागू आहेत. पहिला असा, की चर्च ऑफ इंग्लंडच्या चर्चमध्ये किरकोळ नसलेला कुठलाही बदल करायचा तर साधारणपणे धर्मप्रांताच्या न्यायाधिकाऱ्याची लेखी परवानगी लागते, आणि ती देण्यापूर्वी वास्तुतज्ज्ञ, इतिहासज्ञ यांच्या समितीचा सल्ला घेतला जातो. दुसरा नियम १९५५ च्या कायद्याने आला. दर पाच वर्षांनी प्रत्येक चर्चची तपासणी जाणत्या वास्तुविशारदाकडून करून घ्यायची आणि अहवाल नोंदवायचा. कंटाळवाणे काम आहे हे. पन्हळ तुंबली आहे, उत्तरेच्या भिंतीला ओल आहे, तिसऱ्या खिडकीची काच हलते आहे. मॉरिसची रोजची निगा अशी सरकारी कागदावर उतरली.

आपल्याला हे जमणार नाही असे मानायचे कारण नाही. पंढरपूरला २०२४ मध्ये विठ्ठलमंदिराच्या गाभाऱ्यात आणि आसपास अलीकडच्या काळात बसवलेला संगमरवर आणि ग्रॅनाइट काढून मूळ दगड मोकळा केला गेला. ज्या दगडाला पिढ्यान्‌पिढ्या वारकऱ्यांचा हात लागला तोच आज पुन्हा हाताला लागतो. विठोबापेक्षा जिवंत देव महाराष्ट्रात दुसरा कुठला? त्याआधी २०२२ मध्ये वणीच्या सप्तशृंगीच्या मूर्तीवरचा शेंदराचा जाड थर उतरवला आणि देवीचे पूर्वी कुणी न पाहिलेले रूप दिसले. शेंदरानेही तिथे चुन्यासारखेच राखण केले होते. दोन्ही ठिकाणी भक्तांची गर्दी काही कमी झाली नाही.

मोठ्या देवस्थानांजवळ पैसा आहे, तज्ज्ञ आहेत, वर्तमानपत्रांची नजर आहे. अडचण आहे ती राज्य किंवा केंद्र सरकारच्या संरक्षित यादीत नसलेल्या हजारो लहान देवळांची. त्यांतली पुष्कळशी देवळे १९५० च्या विश्वस्त कायद्याखाली धर्मादाय आयुक्तांकडे नोंदलेली आहेत आणि दरवर्षी हिशेब सादर करतात. याच हिशेबाला दर पाच वर्षांनी एक कागद जोडायची सक्ती करावी, एवढीच माझी मागणी आहे. नवे खाते नको, नवा आयोग तर मुळीच नको. इमारतीच्या चारही बाजूंची आणि आतल्या प्रत्येक भिंतीची छायाचित्रे त्या कागदासोबत असावीत. आज कुठल्याही गावात ती खिशातल्या फोनवर अर्ध्या तासात निघतील. तालुक्याच्या ठिकाणचा एखादा अभियंता किंवा जिल्ह्याच्या महाविद्यालयातला इतिहासाचा प्राध्यापक सोबत येऊन सही करील. रंगकाम किंवा गिलावा करायचा असेल तर आधी तळहाताएवढा तुकडा साफ करून खाली काय आहे ते पाहिले का, याचे उत्तर हो किंवा नाही असे लिहावे. खाली रंग दिसला तर काम थांबवून पुरातत्त्व विभागाला कळवावे, आणि त्यांनी तीन महिन्यांत माणूस पाठवला नाही तर पुन्हा चुना मारून झाकून ठेवावे. ते नुकसान नव्हे. यॉर्कशायरमधल्या पिकरिंगच्या चर्चमध्ये १८५२ साली चित्रे सापडली, तेव्हा लोकांचे लक्ष प्रवचनावरून उडते म्हणून तिथल्या धर्मगुरूने ती पुन्हा चुन्याने झाकली. त्याच्यावर पुष्कळ टीका झाली. १८७६ नंतर ती परत उघडली गेली आणि आज इंग्लंडमधल्या सर्वांत समृद्ध भित्तिचित्रांत त्यांची गणना होते.

त्या कागदावरचा पहिला प्रश्न मात्र चित्रांचा नसावा. पावसाळ्यात पाणी कुठून आत येते, हा असावा.